वही उघडता आली पाहिजे

दर रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही पाच जण एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. पाचांपैकी चौघे निवृत्त झालेले आणि पाचवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. शेजाऱ्यांची समजूत अशी, की आम्ही पत्ते कुटतो. तसे असते तर फार बरे झाले असते, असे आमच्या यजमानांच्या पत्नीचे स्पष्ट मत आहे. पत्ते एका डबीत मावतात, आमचा खेळ मावत नाही. पिवळट पडलेल्या संगणकाच्या पेट्या, खोल पाठीचे मॉनिटर, जुन्या बाजारातून हुडकून आणलेल्या केबली आणि फ्लॉप्यांची खोकी यांनी ती खोली भरून गेली आहे. या सगळ्या यंत्रांवर चालते ती एकच कार्यप्रणाली. तिचे नाव डॉस.

तरुण वाचकांनी हे नाव कदाचित ऐकलेही नसेल. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्याबरोबर ही डॉस आली. काळा पडदा, त्यावर एक 'सी' अक्षर आणि शेजारी लुकलुकणारी एक आडवी रेघ. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. काय हवे ते टंकून सांगायचे आणि एका वेळी एकच काम करून घ्यायचे. फायलीचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे, आणि पुढे एक टिंब देऊन आणखी तीन. 'प्रकरण' हा शब्द रोमन लिपीत लिहिला की बरोबर आठ अक्षरे संपतात आणि प्रकरणाच्या आकड्याला जागाच उरत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीच्या फायलींना म्हणून मी नुसते 'प्रक' म्हणत असे.

माझी आणि डॉसची ओळख बँकेत झाली, आणि ती काही प्रेमाने झाली नाही. बँकांतल्या संगणकीकरणाबाबत १९८३ साली संघटनांशी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग हळूहळू शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. आमच्या शाखेत यंत्र येणार असे कळले, तेव्हा छातीला काळी फीत लावून घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. दोन वर्षांनी त्याच यंत्रापुढे मी रात्री आठपर्यंत बसू लागलो. कारण असे, की ते यंत्र समजत असे. मूळ रचनेत प्रोग्रॅमला वापरायला ६४० किलोबाइट जागा. तेवढ्यात सगळे बसवायचे. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरल्यावर आपण जसे सामान फळीवर सरकवून माणसांना बसायला जागा करतो, तसे माऊसचे, प्रिंटरचे बारीकसारीक प्रोग्रॅम वरच्या मजल्यावर चढवायचे आणि खालची जागा मोकळी करायची. 'कॉन्फिग' नावाच्या फायलीत एका ओळीची जागा चुकली तरी सारा संसार अडून बसे. ती ओळ सापडली, की जो आनंद होई तो दिवसाअखेर तेरीज जुळल्याच्या आनंदाइतकाच निखळ असे.

आमच्या मंडळात यावरून अजून वाद होतात. आमचे कॅशियर मित्र ही मांडणी हाताने करण्याच्या बाजूचे. प्राध्यापक मित्रांचे म्हणणे असे, की १९९३ च्या आवृत्तीबरोबर 'मेममेकर' नावाचा प्रोग्रॅम आला, तो हेच काम दहा मिनिटांत करतो, मग आयुष्य का वाया घालवा? या प्रश्नावर दोघांत एकदा तीन रविवार अबोला होता. असो.

हे सारे म्हाताऱ्यांचे चाळे आहेत, असे मलाही कित्येकदा वाटते. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि मला माझे मत तपासून घ्यावे लागले.

आमच्याच बँकेतले एक स्नेही काही वर्षांपूर्वी वारले. त्यांची मुलगी एका रविवारी रिक्षात एक जुना संगणक घालून आमच्याकडे आली. "काका, बाबांनी आजीच्या आठवणी यात उतरवून ठेवल्या होत्या. आजी सांगायची आणि बाबा रात्री टाईप करायचे. पानशेतच्या पुराचं सगळं त्यात आहे. घर रिकामं करतोय. भंगारवाला चारशे रुपये देतो म्हणाला, पण माझा हात होईना," असे म्हणून ती पायरीवरच बसली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. त्या दिवशी नदीकाठच्या पेठांत राहिलेल्या बाईची ती हकिगत होती. सांगणारी गेली, लिहिणारा गेला आणि हकिगत त्या पेटीत अडकून पडली होती.

पेटी उघडली. मदरबोर्डवरचा जुना सेल फुटून हिरवी बुरशी पसरावी तसा क्षार पसरला होता. आमच्या इंजिनिअर मित्रांनी तो सेल काढून टाकला, व्हिनेगरच्या बोळ्याने क्षार पुसला आणि मेमरीच्या पट्ट्यांचे पितळी दात खोडरबरने घासले. तोवर वाद पेटला होता. प्राध्यापक म्हणाले, "हार्ड डिस्क काढा, अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडा, तिची नक्कल करून घ्या आणि बाकीचा सांगाडा खुशाल भंगारात द्या. नव्या संगणकात डॉसची हुबेहूब नक्कल चालवता येते." कॅशियर म्हणाले, "नक्कल ती नक्कलच."

प्राध्यापकांचे म्हणणे शहाणपणाचे होते, म्हणून आधी तेच केले. पण अडॅप्टरला ती डिस्क ओळखताच येईना. एवढ्या जुन्या डिस्का आपला पत्ता जुन्या पद्धतीने सांगतात. अमुक वर्तुळ, अमुक डोके, अमुक खण. आजच्या अडॅप्टरला ती भाषा येत नाही. म्हणजे डिस्क वाचायला तिचे स्वतःचे यंत्रच जिवंत करणे भाग होते. कॅशियर काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी चष्मा पुसला.

सेल नसल्यामुळे यंत्र सगळे विसरलेले. डिस्कवरच्या चिठ्ठीवरचे आकडे हाताने भरले. फ्लॉपी घालून ते सुरू केले. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली आणि यादी मागताच अकरा फायली दिसल्या. सगळ्यांच्या नावात 'आई' आणि पुढे आकडा. त्या फ्लॉपीवर उतरवायला घेतल्या. सहा नीट उतरल्या. सातवीला यंत्र थबकले आणि डॉसच्या पिढीला झोपेतही आठवणारा तो प्रश्न पडद्यावर आला: अबॉर्ट, रिट्राय, फेल? सोडून देऊ, पुन्हा पाहू, की फसले असे समजू? मुलगी आमच्या तोंडाकडे पाहत होती. कॅशियरांनी 'रिट्राय' दाबले. पुन्हा तोच प्रश्न. इंजिनिअर म्हणाले, डिस्क तापली असेल, जरा थांबू. चहा झाला. चौथ्या खेपेला सातवी फाईल उतरली आणि मग उरलेल्या चारही आल्या. अकरा फायली मिळून एका फ्लॉपीत मावल्या.

पण नव्या संगणकावर त्या उघडल्या तर काय, युरोपातल्या कुठल्याशा भाषेची टिंबे-टोप्या घातलेली अक्षरे! मुलीचा चेहरा उतरला. प्राध्यापकांनी मात्र त्या अक्षरांचे क्रमांक तपासले आणि मांडीवर थाप मारली. "ही इस्की आहे," ते म्हणाले.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म यातच आहे. डॉसला देवनागरी लिपी येत नव्हती. तेव्हा कानपूरच्या आय. आय. टी. त सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' नावाचे एक कार्ड मिळत असे. ते यंत्रात बसवले, की पडद्यावर देवनागरी उमटे. त्या कार्डात अक्षरे साठवायची पद्धत कुणा एका कंपनीच्या कपाटात दडवलेली नव्हती. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली छापून प्रसिद्ध केले. 'क' ला कोणता क्रमांक, 'ख' ला कोणता, हे कुणालाही पाहता येईल असे. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी झाली तीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून. त्यामुळे एका रांगेतला क्रमांक काढून दुसऱ्या रांगेतला ठेवायचा, एवढेच काम उरले. इंजिनिअर मित्रांनी दुपारी बसून तेवढ्यापुरता लहानसा प्रोग्रॅम लिहिला. संध्याकाळी मुलीच्या मोबाईलवर आजीची हकिगत शुद्ध मराठीत उघडली.

आता माझी गोष्ट ऐका. माझी दुसरी कादंबरी मी त्यानंतर काही वर्षांनी लिहिली. तेव्हा मी 'सुधारलो' होतो. डॉस टाकून रंगीत खिडक्यांच्या नव्या प्रणालीवर आलो होतो आणि एका कंपनीचा देखणा मराठी फाँट विकत घेतला होता. त्या काळी जो तो आपापल्या मर्जीने अक्षरांना क्रमांक देई आणि ते गुपित ठेवी. पुढे ती कंपनी नाहीशी झाली, फाँट नव्या संगणकावर चालेना आणि माझ्या कादंबरीचा मजकूर खिळ्यांची पेटी सांडावी तसा झाला. जोडाक्षरे तर अजूनही जुळलेली नाहीत. कादंबरीची छापील प्रत आहे म्हणून ती वाचली. तिच्या मागची टिपणे गेली ती गेलीच. म्हणजे आमच्या स्नेह्यांची जुन्या यंत्रावरची फाईल वाचता आली आणि माझी नव्या यंत्रावरची आली नाही. फरक होता तो कुलपाचा नमुना उघड असण्याचा.

बँकेत नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात आणि त्यांची दुसरी जोडी सीलबंद करून दुसऱ्याच शाखेत ठेवलेली असते. उद्या व्यवस्थापक आणि कॅशियर दोघेही नसले, तरी खातेदाराचे पैसे अडकता कामा नयेत. लेजरही असे लिहायचे, की लिहिणारा बदलून गेला तरी नव्या माणसाला वाचता यावे. माहितीच्या बाबतीत आपण हा साधा नियम विसरलो आहोत. दुसरी जोडी कुठे आहे, हे न विचारताच आपण आपली आयुष्ये पेट्यांत कुलूपबंद करत आहोत.

जुन्याला चिकटून बसा, असे मी म्हणत नाही. जुनी प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दाराची कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवणे होय. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या भुयारी गाड्यांच्या नियंत्रणाची यंत्रणा १९९८ पासून फ्लॉपीवर चालत आली. ती बदलण्यासाठी २०२४ साली मोठा करार करावा लागला. असे किती दिवस ढकलणार? उलट, कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी आपण डॉसवरच्या जुन्या वर्डस्टारवर लिहितो असे २०१४ साली जाहीरपणे सांगितले. तो संगणक ते इंटरनेटला जोडत नाहीत. माझ्या व्यवसायबंधूचा हा हट्ट मला आवडतो, पण सगळ्यांना तो परवडणारा नाही.

परवडण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कंपनी डॉसचा नाद सोडणार असे १९९४ साली दिसताच अमेरिकेतल्या जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांना फुकट आणि खुली असणारी नवी डॉस लिहिण्याची हाक दिली. ती 'फ्रीडॉस' आजही हौशी मंडळी जिवंत ठेवून आहेत. आपल्याकडे स्वस्तातले लॅपटॉप तीच घालून विकले गेले आहेत. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर २०१४ साली संगणक इतिहासाच्या संग्रहालयामार्फत पाहायला दिला आणि २०२४ साली चौथ्या आवृत्तीचाही खुला केला. धंदा संपल्यावर का होईना, किल्ली दिली. माझे म्हणणे इतकेच, की हे कंपनीच्या मर्जीवर राहू नये. जी प्रणाली विकायची, ती सोडून देताना तिच्यातला मजकूर कसा वाचायचा हे छापून जाहीर करण्याचे बंधन विकणाऱ्यावर असावे. आणि नगरपालिका, शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये यांनी आपली दप्तरे प्रसिद्ध मानकांतच ठेवावीत, एवढा आग्रह आपण नागरिकांनी धरावा.

हा प्रश्न हौशी म्हाताऱ्यांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरचे चांगले चालते संगणक एका दिवसात जुने झाले. त्यांतले कितीतरी माळ्यावर चढतील, कितीतरी भंगारात जातील. तुमच्याही घरी असा एखादा असेल, तर तो देण्याआधी एक रविवार काढा. आत काय आहे ते पाहा. आईवडिलांचे जे काही असेल, ते साध्या मजकुरात उतरवा, दोन ठिकाणी ठेवा आणि महत्त्वाचे तेवढे कागदावर छापून घ्या. कागदाला कार्यप्रणाली लागत नाही.

स्नेह्यांच्या मुलीने त्या अकरा फायली छापून, बांधून घेतल्या. एक प्रत तिने आम्हाला आणून दिली. पेटी मात्र नेली नाही. "तुमच्याकडेच राहू द्या, काका," म्हणाली. प्राध्यापकांनी भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. नवा सेल बसवायचे अजून राहून गेले आहे, त्यामुळे सुरू केले की दर वेळी ते यंत्र १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवते आणि आजची कोणती म्हणून विचारते. कॅशियर दर रविवारी न चिडता ती भरतात.