एका शहराला तीन ऑपेरा कशाला?

२०१८ साली ऑफिसच्या कामासाठी तीन महिने बर्लिनला होतो. पहिल्याच आठवड्यात एक जर्मन सहकारी कौतुकानं म्हणाला, "आमच्याकडे तीन ऑपेरा हाऊस आहेत." माझ्यातला प्रोग्रामर लगेच जागा झाला. एकच काम करणारी तीन फंक्शन्स? दोन उडवा की राव!

असं म्हणणारा मी काही पहिला नाही. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा पूर्व बर्लिनकडून दोन ऑपेरा आले. एक १७४२ सालचा श्टाट्सऑपर, दुसरा त्याच्यापासून चालत दहा मिनिटांवरचा कोमिशे ऑपर. तिसरा पश्चिमेचा डॉइचे ऑपर. त्याची आत्ताची इमारत उघडली सप्टेंबर १९६१ मध्ये, भिंत उभी राहिल्यावर जेमतेम दीड महिन्यानं! पुढे शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि विलीन करा, बंद करा, असं बरंच चाललं. शेवटी २००४ मध्ये तिघांना एका फाउंडेशनखाली आणलं, पण बंद कुणालाच केलं नाही.

माझं मत बदललं ते कोमिशे ऑपरमध्ये. मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' होता. मागे मूकपटासारखं ॲनिमेशन आणि गायक त्या चित्रांतच उभे. समोरच्या खुर्चीच्या पाठीला छोटासा स्क्रीन, त्यावर अनुवाद. भाषांमध्ये चक्क तुर्की! शेजारच्या आजींनी तुर्की लावलं होतं, त्यांच्या नातवानं जर्मन. दोघं एकाच विनोदाला हसत होते.

हे उगाच नाही. १९४७ मध्ये फेल्झनश्टाइननं हा ऑपेरा सुरू केला तो लोकांना गोष्ट समजली पाहिजे म्हणून. कित्येक दशकं तिथे सगळं जर्मनमध्येच गायलं जायचं. (संगीत नाटकं बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.) नाझींनी पळवून लावलेल्या ज्यू संगीतकारांचे ऑपेरेटाही बॅरी कोस्कीनं याच रंगमंचावर परत आणले. ही डुप्लिकेट फंक्शन्स नव्हेत, नावं तेवढी सारखी आहेत.

आता मुद्दा. २०२४ च्या अखेरीस बर्लिननं पुढच्या वर्षाच्या सांस्कृतिक खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले. कोमिशेची दुरुस्ती २०२३ पासून चालू आहे, तीच थांबवायची अशीही चर्चा झाली. याच शहरात श्टाट्सऑपरची दुरुस्ती २०१० ते २०१७ चालली आणि २४ कोटींचा अंदाज ४० कोटींवर गेला. तेव्हा पैसे सापडले बरं का! राजवाडी इमारतीला सापडतात, आजींच्या स्क्रीनला सापडताना मात्र हात आखडतो. काटकसरीला माझा विरोध नाही, पण ती नेहमी ह्याच टोकापासून का सुरू होते?

असो. दुरुस्तीपुरतं कोमिशेचं बिऱ्हाड शिलर थिएटरमध्ये आहे, डॉइचे ऑपरच्याच रस्त्यावर. बर्लिनला गेलात तर आधी तिथलं तिकीट काढा.