शब्द ओळखू या : नेसेसरिली

दवाखान्याचे रिपोर्ट, शाळेच्या सूचना, नोकरीच्या जाहिराती बऱ्याचदा इंग्रजीत येतात. त्यांत 'नेसेसरिली' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. लांबलचक म्हणून पुष्कळजण तो गाळून पुढे जातात. तो गाळला की वाक्याचा अर्थच बदलतो, म्हणून या महिन्यात आम्ही तोच घेतला आहे.

'नेसेसरी' म्हणजे आवश्यक, जरूरी. त्यावरून 'नेसेसरिली' म्हणजे अपरिहार्यपणे, हमखास, उर्दूतले 'लाजिमन'. स्पेलिंगमध्ये 'सी' एक, 'एस' दोन. शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो आणि पुढे 'एल वाय' लागतो.

रोजच्या वापरात हा शब्द बहुधा 'नॉट'च्या सोबतीने येतो. "महाग कापड टिकाऊ असते का?" "नॉट नेसेसरिली." म्हणजे असेल, नसेलही. घरात आपण "जरूरी नाही" म्हणतो ना, तेच. मराठीत हे काम एकटा 'च' करतो : 'असेलच असे नाही.' मासिकांत 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' असे छापतात. इंग्रजी मासिकांत तिथे हाच शब्द असतो.

आता क्षयरोगासाठी हातावर टोचून करतात ती मांटू चाचणी घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर इंग्रजीत सांगतात, 'इट डझ नॉट नेसेसरिली मीन डिसीज.' म्हणजे क्षय झालाच आहे असे नाही. शरीरात जंतू कधीतरी शिरले असतील, किंवा बीसीजीच्या लसीचाही तो परिणाम असू शकेल. खरे काय ते डॉक्टर एक्स-रे, थुंकीची तपासणी वगैरे करून ठरवतात.

इथे 'नेसेसरिली' गाळणारा वाचतो, 'आजार नाही', आणि पुढची तपासणी टाळतो. सगळे वाक्यच सोडून नुसते 'पॉझिटिव्ह' वाचणारा घाबरतो, आणि रिपोर्ट लग्नाच्या मुलीचा असला तर खानदानभर कुजबुज सुरू होते. दोघेही चुकले. वाक्य फक्त एवढेच सांगत होते : अजून नक्की नाही, तपासून घ्या.

तेव्हा 'नॉट नेसेसरिली' दिसले की मराठीत 'च' लावून वाचा. घरातल्या मुलांकडून अशी चार वाक्ये करून घ्या. 'नाही' आणि 'असेलच असे नाही' यांतला फरक इंग्रजीच्या पेपरात उपयोगी पडेल, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल मत बनवतानाही.