प्रशासक बरा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

"जिल्हा परिषदेत प्रशासक होता तेच बरं होतं. निवडून आलेले तरी कुठं दिवे लावत होते?"

आरक्षण सोडत झाल्यापासून हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता राहवत नाही. म्हणणारे साधी माणसं आहेत, कुठल्या पक्षाचे नाहीत. त्यांचा राग खरा आहे. सदस्य टक्केवारी खायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाई अध्यक्ष आणि खुर्चीमागं उभा राहून कारभार हाकणारा नवरा, हेही आपण पाहिलंय. पण त्या रागातून जो निष्कर्ष काढला जातोय तो साफ चुकीचा आहे, आणि त्याचा फायदा नेमका कुणाला झाला हे बघायला पाहिजे.

आधी तारखा बघा. आपल्या साताऱ्यासह २५ जिल्हा परिषदांची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ ला मुदत संपली, २१ मार्चपासून प्रशासक बसला. बाकीच्या जिल्ह्यांच्या मुदती नंतर संपत गेल्या आणि २०२५ मध्ये राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांपैकी ३२ ठिकाणी प्रशासकच होता. खाली ३३६ पंचायत समित्यांची तीच गत होती. तोवर साडेतीन वर्षं झाली होती राव! पाच वर्षांच्या टर्ममधली साडेतीन वर्षं निवडणुकीविना गेली. राज्यघटनेच्या २४३-ई कलमात सरळ लिहिलंय, मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पंचायत मुदतीआधीच बरखास्त झाली तरी सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची. 'सरकारला सोयीचं वाटेल तेव्हा' असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

आता प्रशासक म्हणजे कोण? बाहेरून आणलेला कुणी पंच नव्हे. जिल्हा परिषदेचा सीईओ हाच प्रशासक, आणि पंचायत समितीला बीडीओ. म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या. एरवी खात्यानं फाइल तयार करायची, सीईओनं ती मांडायची आणि सदस्यांच्या समितीनं किंवा सर्वसाधारण सभेनं ती मंजूर करायची, अडवायची किंवा फाडून खायची. स्थायी समिती, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, कृषी, पशुसंवर्धन, जलव्यवस्थापन या सगळ्या समित्यांचे अधिकार प्रशासकाच्या काळात एकाच माणसाच्या हातात गेले. मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. सभा घेतली तरी समोर बसणार त्याच्याच हाताखालचे अधिकारी. कनिष्ठ अभियंता उठून साहेबांना विचारणार आहे का, की हे टेंडर एवढं चढं कसं गेलं?

सदस्य भांडायचे तेव्हा आपण हसायचो. माइक ओढला, सभात्याग केला, पेपरात फोटो. पण त्या भांडणात माहिती बाहेर यायची. विरोधातला सदस्य स्वतःच्या गटातल्या गळक्या शाळेसाठी का होईना, पण प्रश्न टाकायचा. त्याचं उत्तर इतिवृत्तात यायचं, पत्रकार कोपऱ्यात बसून लिहून घ्यायचे. ते सगळं बंद झालं, आणि आपल्याला शांतता वाटली.

जिल्हा परिषदेकडं काय काय आहे तेही विसरायला झालंय लोकांना. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, उपकेंद्र, अंगणवाडी, जनावरांचा दवाखाना, गावाला जोडणारे रस्ते, गावाची पाणी योजना. माणूस जन्मल्यापासून पहिली पंधरा वर्षं ज्या सरकारशी त्याचा संबंध येतो ते सरकार म्हणजे जिल्हा परिषद. जलजीवन मिशनसारखी अवाढव्य योजना याच काळात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून राबवली गेली. किती गावांत टाकी उभी आहे आणि नळ कोरडा आहे, ते तुम्ही आपापल्या गावाचं बघून सांगा. एवढा पैसा खर्च होत असताना जलव्यवस्थापन समितीत एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

सेस फंडाचं घ्या. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल, कडबाकुट्टी, ताडपत्री. रक्कम छोटी, पण वाडीवस्तीवरच्या बाईला ती छोटी नसते. पूर्वी सदस्य आपल्या माणसांचीच नावं घुसडायचा, मान्य. पण ज्याचं नाव गळलं तो सदस्याच्या दारात जाऊन शिव्या देऊ शकत होता, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला पाडू शकत होता. आज यादी कुणी केली? दारात कुणाच्या जायचं? साहेब तीन वर्षांनी बदलून जातो. तो माणूस चांगला की वाईट हा मुद्दाच नाही. काही सीईओंनी खरंच चांगली कामं केली असतील. पण तुम्ही त्याला आणला नाही आणि तुम्ही त्याला घालवू शकत नाही.

आणि खरी गंमत पुढंच आहे. प्रशासक आला म्हणजे राजकारण गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी गावाच्या वेशीवरचे फलक वाचावेत. "आमदार साहेबांच्या प्रयत्नातून" अमुक लाखांचा निधी मंजूर. २५१५ मधून सभामंडप, २५१५ मधून पेव्हिंग ब्लॉक, २५१५ मधून स्मशानभूमीची भिंत. २५१५ म्हणजे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष. त्यात गावातल्या कामांची शिफारस आमदारानं करायची आणि मंजुरी मुंबईतून यायची. जे काम जिल्हा परिषद सदस्यानं किंवा पंचायत समिती सदस्यानं मागायचं, ते आता आमदाराच्या पत्राशिवाय हलत नाही. मधली पायरीच काढून टाकली. सरपंच बिचारा एकतर आमदाराच्या बंगल्यावर, नाहीतर पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात हार घेऊन उभा.

डीपीडीसीचं तर कुणी बोलतच नाही. जिल्ह्याला येणाऱ्या पैशाचा आराखडा जिल्हा नियोजन समिती करते, पालकमंत्री तिचे अध्यक्ष. घटनेच्या २४३-झेडडी कलमाप्रमाणे या समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. पण २०२५ मध्ये तिकडं जिल्हा परिषदा रिकाम्या होत्या, इकडं बहुतेक पालिकाही रिकाम्या होत्या. निवडणारेच नव्हते तर निवडून येणार कोण? म्हणजे ज्या टेबलावर जिल्ह्याचे शेकडो कोटी वाटले जातात, त्याच्या भोवतालच्या खुर्च्या जवळजवळ ओस पडल्या होत्या, आणि उरले होते पालकमंत्री, आमदार-खासदार, नेमलेली माणसं आणि अधिकारी. प्रशासक राज कुणाला सोयीचं होतं याचं उत्तर इथं आहे. विधान परिषदेतही तेच. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ जागांपैकी कितीतरी रिकाम्या पडल्या, कारण मतदार असलेले सदस्यच नव्हते. आपली सांगली-सातारा जागा डिसेंबर २०२२ मध्ये मोकळी झाली. कुणाला जाणवलं तरी का?

पैशाचा तोटा झाला तो वेगळाच. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी निवडून आलेली मंडळं असलेल्या संस्थांनाच द्यायचा, अशी अट होती. ग्रामपंचायतींना त्यांचा वाटा मिळत राहिला, पण जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा जो १०-१० टक्के वाटा होता तो प्रशासक आल्यावर अडकला. निवडणूक न घेता खर्च वाचला म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

"पण मामला कोर्टात होता ना, सरकार तरी काय करणार?" हे दुसरं आवडतं वाक्य.

ओबीसींचा हक्क खरा आहे, त्यावर वाद नाही. पण स्थानिक संस्थांतल्या आरक्षणासाठी आकडेवारी गोळा करा हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात तिहेरी चाचणीची अट पुन्हा बजावली. अकरा वर्षं सगळे पक्ष आळीपाळीनं सत्तेत होते, कुणी हललं नाही. मग धावपळ. मार्च २०२२ मध्ये आघाडी सरकारनं कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडं घेतला. कोर्टानं मे महिन्यात सांगितलं, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. तेवढ्यात सरकार बदललं. आघाडीनं जिल्हा परिषदेची कमाल सदस्यसंख्या ७५ वरून ८५ केली होती, नव्यांनी ती परत ७५ केली. त्यावर पुन्हा याचिका, ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे', आणि तिथून पुढं नुसती तारखांवर तारीख. आघाडीनं खड्डा खणला, महायुती त्यात गादी टाकून झोपली. माझ्यावर एकाच पक्षाचा शिक्का मारायला निघालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेजारच्या मध्य प्रदेशासमोर हीच अडचण होती. तीच तिहेरी चाचणी, तेच कोर्ट. १० मे २०२२ ला कोर्टानं त्यांना बजावलं की निवडणुका थांबवता येणार नाहीत. त्यांनी आयोगाचा अहवाल पुढं केला, आरक्षण मिळवलं आणि जून-जुलै २०२२ मध्ये पंचायत निवडणुका उरकूनही टाकल्या. आपल्याकडं पुन्हा आदेश यायला मे २०२५ उजाडला. तेव्हा चार महिने दिले होते. ते संपल्यावर ईव्हीएम कमी आहेत, कर्मचारी कमी आहेत, शाळा मोकळ्या नाहीत अशी कारणं गेली आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून घेतली. याच राज्यात २० नोव्हेंबर २०२४ ला २८८ मतदारसंघांत एका दिवसात विधानसभेचं मतदान झालं. तेव्हा मशीनही होती, मास्तरही होते, शाळाही होत्या.

हे सगळं साताऱ्यात बसून लिहिताना जास्त खटकतं. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीनं जिल्हा पातळीला सल्ल्यापुरतंच स्थान दिलं होतं आणि अध्यक्ष कलेक्टरच ठेवायला सांगितलं होतं. महाराष्ट्रानं ते तसंच्या तसं घेतलं नाही. वसंतराव नाईक समितीनं जिल्हा हाच मुख्य घटक धरला आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, मुख्यमंत्री होते आपले कराडचे यशवंतराव चव्हाण. अधिकाऱ्यानं मांडायचं आणि लोकांच्या माणसानं ठरवायचं, ही त्या कायद्याची रचना होती. दर २५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर हात जोडायला जाणाऱ्या सर्वपक्षीय नेत्यांनी ती साडेतीन वर्षं उलटी टांगून ठेवली.

आता इच्छुकांकडं वळतो. सोडत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चौकाचौकात दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागलेत. 'भावी सदस्य', 'जनतेच्या मनातला'. ज्यांचा गट महिलांसाठी राखीव झाला त्यांनी रातोरात फ्लेक्सवर बायकोचा फोटो मोठा आणि स्वतःचा बारीक केलाय. दादांनो, २१ मार्च २०२२ पासून तुम्ही कुठं होता? निवडणूक घ्या म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी एक निवेदन तरी दिलं? प्रशासकानं केलेल्या ठरावांची नक्कल माहिती अधिकारात मागितलेला एक तरी इच्छुक या तालुक्यात आहे का? असेल तर कागद घेऊन पुढं यावं, मी स्वतः त्याची पोस्ट शेअर करतो, पक्ष कुठला का असेना.

आणि निवडून आलात तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत एक विषय घ्यायचा. प्रशासकाच्या काळात झालेले सगळे ठराव, दिलेली टेंडरं, सेस फंडातल्या लाभार्थ्यांच्या याद्या गटवार सभागृहापुढं ठेवायच्या आणि त्या गावोगाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायच्या. हे कराल की नाही, एवढंच मी प्रत्येकाला विचारणार आहे. दारात याल तेव्हा चहा मिळेल, पण उत्तर दिल्यावर.