कवळी डब्यात, आजी पेजेवर

गेल्या पावसाळ्यात एका रात्री राजापूर तालुक्यातल्या एका आजींना जवळजवळ बेशुद्ध अवस्थेत वॉर्डात आणले. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह पंधरा वर्षांचा. रक्तातली साखर ३८. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर थोड्याच वेळात त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझी पिशवी कुठाय?"

साखर एवढी का उतरली हे शोधणे पुढचे काम. गोळी तीच, डोस तोच, कित्येक वर्षांचा. पण जुन्या केसपेपरवरचे वजन आणि आताचे वजन यात सात किलोंचा फरक होता. मधुमेही म्हातारे माणूस सात किलोंनी वाळले की आम्हा फिजिशियन मंडळींच्या डोक्यात एक ठरलेली यादी फिरू लागते. क्षयरोग, थायरॉइड, मूत्रपिंड, कुठेतरी लपलेला कॅन्सर. छातीचा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. काही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचे ताट देणाऱ्या मावशींनी सहज विचारले, "आजी, तुमचे दात कुठे?" आजींनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. आत रुमालात गुंडाळलेली कवळी होती. "नाचते ओ नुसती. खालची तर बोलताना बाहेर येते. आठ महिने झाले, पेजच पिते मी."

आजारपणाचे सगळे कारण त्या डब्यात होते. खाणे अर्ध्यावर आले, वजन उतरले, गोळी मात्र पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबाने चालू राहिली. तीन दिवसांत मी त्यांचे तोंड दोनदा तपासले होते, जीभ बघितली होती, घसा बघितला होता. दात नाहीत हेही मला दिसले होते. 'वयच आहे' असे मनात म्हणून मी पुढे गेलो होतो. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीनंतर हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहायला हवे.

कवळी सैल का होते याबद्दल घराघरात एक गैरसमज असतो. कवळी 'खराब झाली', 'झिजली', 'डॉक्टरने नीट बसवली नाही'. क्वचित तसे असतेही. पण बहुतेक वेळा कवळी आहे तशीच असते, बदललेले असते तोंड. जबड्यातले हाड दातांना धरून ठेवण्यासाठी असते. दात गेले की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते हळूहळू विरघळू लागते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जास्त, मग मंदावते, पण थांबत कधीच नाही. टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्या काही लोकांचे जबडे पंचवीस वर्षे मोजले होते. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट आढळली. म्हणून 'वरची बरी आहे हो, खालचीच त्रास देते' हे वाक्य मी राजापूरच्या माणसाकडून ऐकतो तसेच गुहागरच्याकडूनही ऐकतो.

वरच्या कवळीला आणखी एक फायदा आहे. ती अख्ख्या टाळूला टेकते. टाळू आणि कवळी यांच्यामधला लाळेचा पातळ थर तिला ओढून धरतो, ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटाव्यात तशी. खालच्या कवळीला टेकायला त्याच्या जवळपास निम्मीच जागा, घोड्याच्या नालेसारखी, आणि मध्ये सतत वळवळणारी जीभ. ती सांभाळणे हे थोडे कौशल्याचेच काम आहे. अगदी नीट बसलेल्या कवळीनेही खऱ्या दातांच्या साधारण पाव ताकदीनेच चावता येते, हेही कोणी आधी सांगत नाही.

आता यात आम्हा डॉक्टरांचा हातभार. वरची कवळी लाळेवर टिकते हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सोपे आहे. झोपेसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या गोळ्या, लघवी जास्त होण्यासाठी दिलेल्या गोळ्या, यांतल्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडे पडते. वाढलेल्या साखरेनेही पडते. कवळी सैल झाल्याची तक्रार कधीकधी नव्या गोळीनंतर महिन्याभरात सुरू झालेली असते. दंतवैद्याकडे जाताना औषधांची पिशवी बरोबर न्यावी ती यासाठी.

तोंडाचे कोपरे चिरले की आम्ही बी-कॉम्प्लेक्स लिहून मोकळे होतो. कवळीवाल्या माणसात त्याचे कारण अनेकदा वेगळेच असते. हाड झिजले, कवळीचे दात झिजले, त्यामुळे तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांच्या कोपऱ्यांना घडी पडते, तिथे लाळ साचते आणि बुरशी वाढते. मग कितीही जीवनसत्त्वे द्या.

सैल कवळीवर लोक घरी काय करतात याचा एक संग्रह होईल. कापसाचे बोळे, कापडाची पट्टी, कानशीने घासणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे झटपट चिकटणारा गोंद. तो गोंद तोंडात वापरायचा नाही. त्याने कवळीचा आकार बिघडतो, हिरडी पोळते आणि नंतर दंतवैद्यालाही ती दुरुस्त करता येत नाही. मेडिकल दुकानात मिळणारी कवळी चिकटवायची क्रीम किंवा पावडर हा वेगळा प्रकार आहे. कवळी नीट बसत असेल तर मदत म्हणून ती थोडीशी वापरायला हरकत नाही. पण दर महिन्याला ट्यूब लवकर संपू लागली असेल तर ती तुम्हाला काहीतरी सांगते आहे. जस्त असलेल्या अशा क्रीम वर्षानुवर्षे ढिगाने वापरलेल्या काही रुग्णांच्या शरीरातले तांबे कमी होऊन नसांवर परिणाम झाल्याचे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००८ साली नोंदवले आहे. चालताना तोल जाणे, पाय बधिर होणे असा तो त्रास होता. तेव्हा डब्यावर 'जस्तविरहित' लिहिलेले पाहून घ्यावे.

खरा उपाय साधा आहे आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. कवळीला आतून नवे अस्तर लावता येते. दंतवैद्य तिलाच रीलाइनिंग म्हणतात. हिरडी सुजली असेल तर आधी काही दिवस कवळी काढून ठेवायला सांगतात किंवा आत मऊ औषधी थर देतात. मग कवळीच्या आतल्या बाजूला माप घेण्याचा लगदा घालून ती तोंडात बसवतात, तुमच्या आजच्या हिरडीचा ठसा त्यात उमटतो, आणि प्रयोगशाळेत त्या जागी कवळीचेच गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरले जाते. एखादा दिवस कवळीशिवाय काढावा लागतो. खुर्चीवरच त्याच दिवशी अस्तर लावण्याची पद्धतही आहे, ती थोडी कमी टिकते. हिरडी फार नाजूक असेल तर मऊ अस्तर लावतात, ते मात्र अधूनमधून बदलावे लागते. नवी कवळी करण्यापेक्षा हे सगळे पुष्कळ स्वस्त पडते. कवळीचे दातच झिजून सपाट झाले असतील, चावा चुकत असेल किंवा ती मधोमध तडकली असेल, तर मात्र अस्तरावर पैसे घालवू नयेत, नवीच करावी.

ज्यांना परवडते त्यांच्यासाठी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणे हा फार चांगला मार्ग आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या कवळीसाठी हाच पहिला पर्याय असावा असे म्हटले होते. आपल्याकडे तो अजून मोजक्यांचाच पर्याय आहे. म्हणूनच मला इम्प्लांटपेक्षा अस्तराबद्दल लिहावेसे वाटते.

आजींना मी विचारले, मग दाखवली का नाही? उत्तर खास कोकणातले होते. कवळी मुंबईत केलेली. मे महिन्यात मुलाकडे गेल्या तेव्हा सुनेने परळला नेऊन करून दिली. दोनदा दाखवायला बोलावले होते, पण पाऊस जवळ आला, शेतीची कामे आली, आजी गावी परतल्या. "आता गणपतीत मुलगा येईल तेव्हा बघू." गणपतीत मुलगा आला, पण पाच दिवसांत कोणाला दवाखान्यात जायला वेळ असतो? मग शिमगा. कवळीचे गणित इथेच चुकते. ती चष्म्यासारखी घेऊन घरी जायची वस्तू नाही. करायलाच चार-पाच खेपा लागतात आणि दिल्यानंतरचे दोन-तीन आठवडे टोचते तिथे घासून घ्यायला पुन्हा जावे लागते. त्यानंतरही वर्षातून एकदा. मुंबईतल्या नामांकित डॉक्टरपेक्षा राजापूर-लांज्याच्या बाजारात नियमित बसणारा दंतवैद्य म्हाताऱ्या माणसाला जास्त उपयोगाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी योजनांचेही असेच होते. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, कुबड्या, श्रवणयंत्र, चष्मा, व्हीलचेअर याबरोबर कवळीही तिच्या यादीत आहे. चांगलेच आहे. पण काठी शिबिरात देता येते, कवळी तशी देता येत नाही. दिली तर तिच्यामागे खुर्ची, दंतवैद्य आणि अस्तर लावून देणारा तंत्रज्ञ असायला हवा, आणि तोही तालुक्याच्या आवाक्यात. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाल्यापासून सरकारी रुग्णालयांत दंत विभागाला बळ मिळाले. तरी अनेक ठिकाणी त्या विभागाचे काम दात काढणे, भरणे आणि साफ करणे इथवरच थांबते, कारण कवळीची प्रयोगशाळा नसते. दात आम्ही फुकट काढतो. पुढचे ज्याचे त्याने बघायचे. आमच्या भागात मिश्रीने हिरड्या घालवलेल्या बायका चाळिशी-पन्नाशीतच दात काढून घ्यायला येतात. त्यांना पुढची तीस वर्षे जेवायचे आहे. जिल्ह्याला एक प्रयोगशाळा, एक तंत्रज्ञ आणि ग्रामीण रुग्णालयांत महिन्यातून ठरलेला एक 'कवळीचा वार' एवढी मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही. किती कवळ्या वाटल्या याऐवजी सहा महिन्यांनी किती तोंडात आहेत, हे मोजले तरी बरेच कळेल.

काही गोष्टी मात्र थांबण्यासारख्या नाहीत. कवळीखाली पडलेली जखम, ती कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवलीच पाहिजे. मिश्री, तंबाखू, सुपारी खाणाऱ्याने तर एक दिवसही घालवू नये. 'कवळी लागते' म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलेली जखम तोंडाचा कॅन्सर निघाल्याचे मी पाहिले आहे. आणि सैल झालेली, विशेषतः तारेची दोन-तीन दातांची छोटी कवळी, खाताना किंवा झोपेत घशात जाऊ शकते. साधे अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. कवळी हरवली आणि गिळताना दुखते असे कोणी सांगितले तर फोटो स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

रात्री कवळी काढून, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुऊन, गार पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकते. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या पाचशेहून अधिक वृद्धांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक दिसले. आमच्याकडे मात्र बऱ्याच आजी-आजोबांना सुनेसमोर, जावयासमोर बोळके तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ते चोवीस तास कवळी घालतात. यावर औषध नाही, घरच्यांनीच थोडे समजून घ्यावे.

आजींची गोळी आम्ही कमी केली आणि त्यांना तालुक्याच्या गावातल्या एका दंतवैद्याकडे पाठवले. वरच्या आणि खालच्या दोन्हीला अस्तर लागले. भाकरी आधी दुधात कुस्करून, मग बारीक तुकडे करून, दोन्ही बाजूंनी चावायची, समोरच्या दातांनी काही तोडायचे नाही, आणि रोज पेपर मोठ्याने वाचायचा, एवढा अभ्यास त्यांनी महिनाभर केला. मेमध्ये त्या ओपीडीत आल्या तेव्हा वजन चार किलोंनी वाढले होते आणि साखर २६०. मी कपाळाला हात लावला. "बरक्या फणसाचे गरे खाल्ले," आजी म्हणाल्या, "आणि कापाही जमतो आता." गोळी पुन्हा पूर्वीच्या डोसवर नेली.