पापण्या दाट हव्यात? आधी हात आवरा!

लहानपणी हा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय. गालावर पापणीचा एखादा केस गळून पडलेला दिसला, की मैत्रीण ओरडायची, "थांब, हलू नकोस!" मग तो केस अलगद उचलून मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनात काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला तर इच्छा पुरी, चिकटून राहिला तर नाही. गणिताचा पेपर सोपा जाऊ दे, हे मागणं मी किती वेळा मागितलं असेल, त्याला गणती नाही!

आज हा खेळ आठवायला एक कारण घडलं. ते आधी सांगते, घरगुती उपाय मागाहून.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी तव्यावर भाकर होती आणि दारात हाक आली, "बाई, आहात का जी घरी?" पाहते तो माझ्या वर्गातली दहावीची एक मुलगी आणि तिची आई. (मी इथे दिग्रसला एका शाळेत अर्धवेळ शिकवते, हे नेहमीच्या वाचक मैत्रिणींना ठाऊक आहेच.) आई म्हणाली, "तुम्ही पुस्तकात लिहिता नं बाई, मग काहीतरी लावाले सांगा. पोरीच्या पापण्याच गेल्या पाहा! उद्या पाहुणे पाह्याले आले तर काय म्हणतीन?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. मी हनुवटी वर करून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीचा मधला भाग अगदी मोकळा, डावीकडेही विरळ. मी फारशी चौकशी केली नाही. आपल्या आजीपासून चालत आलेला उपाय सांगून टाकला, रात्री एरंडेल लावा. आईने तो मनावर घेतला. शेताच्या धुऱ्यावर एरंड होताच. बिया भाजल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या आणि वर आलेलं तेल बाटलीत भरून ठेवलं. दोन महिने रोज रात्री नेमाने लावलं. पापण्या होत्या तशाच!

जानेवारीत सराव परीक्षा लागली. माझी पर्यवेक्षणाची पाळी त्याच वर्गावर आली. बीजगणिताचा पेपर. पोरगी उजव्या हाताने लिहीत होती आणि डाव्या हाताची दोन बोटं डोळ्याशी जात होती. चिमटीत काहीतरी धरलं, ओढलं, वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवलं, हळूच फुंकर मारली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या पोटात धस्स झालं.

पेपर संपल्यावर तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. रागावले नाही, नुसतं विचारलं, "दुखत नाही का गं?" तिला रडू फुटलं. "बाई, आधी गळलेला केस सापडे तर मी पास होऊ दे म्हणून मागत होते. मग सापडेना, म्हणून एक ओढला. बाबा म्हणतात नापास झाली तर शाळा बंद, लग्न करून टाकतो. आता तर मी काही मागत पण नाही बाई, हात आपोआपच जातो."

मैत्रिणींनो, दोन महिने मी त्या पोरीला तेल सांगत होते. मनात काय चाललंय, हे एकदा विचारलं असतं, तर आईची तेवढी खटपट वाचली असती आणि पोरीच्या तेवढ्या पापण्याही.

या सवयीला डॉक्टर 'ट्रायकोटिलोमेनिया' म्हणतात. हालोपो नावाच्या एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1889 साली हे नाव दिलं, म्हणजे दुखणं काही आजचं नाही. बहुतेकदा दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास ते सुरू होतं. कुणी डोक्याचे केस ओढतं, कुणी भुवयांचे, कुणी पापण्यांचे. हा हट्ट नव्हे, वेड तर नव्हेच. मनावर ताण आला की केस ओढल्याने क्षणभर बरं वाटतं आणि मग हात वळण धरतो. अशा मुलीला "पुन्हा ओढलास तर बघ!" म्हणून दटावलं, की ताण वाढतो आणि ओढणंही. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं, मग तिथे केस उगवत नाही. म्हणून वेळीच लक्ष द्यायला हवं.

तिच्या आईला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. आधी तिला खरंच वाटेना. मग दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्याच होत्या. हात कोणत्या वेळी डोळ्याकडे जातो, ते वहीत टिपायचं. हात उठला की घट्ट मूठ आवळून मनात साठपर्यंत मोजायचं. अभ्यासाला बसताना डाव्या हातात दोरा नाहीतर चिंधी धरायची. नखं बारीक कापायची. आणि बाबांशी बोलायचं काम आईने करायचं! सरकारची 'टेलिमानस' ही मदतवाहिनी 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. तालुक्याला मनाचे डॉक्टर नसतील, तर हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या घरी असं काही नाही, आम्हाला नुसत्या दाट पापण्या हव्यात. त्याचंही सांगते. पण पापणीचा स्वभाव आधी समजून घ्या.

वरच्या पापणीला साधारण 90 ते 150 केस असतात, खालच्या पापणीला 70 ते 80. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढतो. पापणीचा केस महिना-दीड महिना वाढून थांबतो, काही महिने तसाच राहतो आणि गळतो, मग त्या जागी नवा येतो. रोज एक-दोन केस गळाले तर घाबरायचं कारण नाही. म्हणूनच 'आठ दिवसांत लांब पापण्या' असं कुणी म्हटलं, तर ते खोटं समजावं. उपटलेला केस परत यायलाही दोन महिने किंवा त्याहून जास्त लागतात.

शिवाय लांब म्हणजे चांगली असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2015 साली बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश असली, की धूळ आणि वारा सगळ्यात कमी लागतो, असं त्यांना दिसलं. त्याहून लांब झाली तर वारा उलट डोळ्याकडे वळतो. देवाने जी दिलीय, ती बहुधा मापातच दिलीय!

आता उपाय.

रात्रीची धुलाई. हा पहिला आणि खरा उपाय. काजळ तसंच ठेवून झोपू नये. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घ्यावा, डोळे मिटून वरून खाली हलकेच पुसावं, मग कोमट पाण्याने धुवावं. डोळे चोळू नयेत. चोळण्याने जेवढे केस जातात, तेवढे कशानेच जात नाहीत.

शेक. पापणीच्या मुळाशी कोंड्यासारखी पापुद्री दिसते, सकाळी डोळे चिकटतात, खाज येते आणि केस गळतात, तेव्हा स्वच्छ मऊ धडपं कोमट पाण्यात बुडवून, पिळून मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावं. निवलं की पुन्हा बुडवावं. मग कपभर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून, त्यात भिजवलेल्या कापसाने मुळं हलकेच पुसावीत. डोक्यात कोंडा असेल तर त्याचाही बंदोबस्त करावा.

एरंडेल. खरं सांगायचं तर एरंडेलाने पापणीचा केस वाढतो, याला पक्का पुरावा नाही. तेल दाट असतं, केसाला लपेटून बसतं, त्यामुळे केस काळाभोर आणि जाड दिसतो, तुटतही कमी. तेवढाही फायदा काही कमी नाही. फक्त आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. लाल झालं नाही, तर कापसाच्या काडीला नुसतं पुसटसं तेल घेऊन केसांच्या टोकांना लावावं. डोळ्यात जाऊ देऊ नये. सकाळी धुऊन टाकावं. घरी तेल काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, एरंडीची बी विषारी असते आणि तेल काढून उरलेला चोथाही. मुलं, गुरं, कोंबड्या यांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

खाणं. केस बनतो प्रथिनांचा, आणि रक्तात लोह कमी असलं की केस गळतात. तुरीचं घट्ट वरण, भाकरीबरोबर जवसाची नाहीतर तिळाची चटणी, शेंगदाणे, पालेभाजी, चालत असेल त्यांनी अंडी, आणि वर लिंबाची फोड. बाटलीतल्या तेलाआधी पोरीच्या ताटात काय आहे, ते पाहा. बऱ्याच घरांत तीच शेवटी जेवते.

आता काय करू नये, तेही ऐका.

लहान बाळाच्या पापण्या कातरीने कापल्या की दाट येतात, हा निव्वळ गैरसमज आहे. वाढ मुळातून होते, टोकाला कातर लावून मुळाला काही कळत नाही. कांद्याचा, लसणाचा, लिंबाचा रस डोळ्याजवळ नेऊ नये. सुरम्यात शिसं असू शकतं, मुलांना तो मुळीच लावू नये. घरचं काजळ असलं तरी एक डबी, एक बोट आणि चार डोळे हा प्रकार नको. पूर्वी खुपऱ्या अशाच एकीच्या डोळ्यातून दुसरीच्या डोळ्यात जायच्या. खुपऱ्यांनी पापणी आत वळायची, केस बुबुळाला टोचायचे आणि म्हाताऱ्या बायका चिमट्याने ते उपटून घेत बसायच्या. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. पण डोळे यायची साथ काही गेलेली नाही!

केसांचा डाय किंवा काळी मेंदी पापण्यांना लावायचं तर नावच काढू नका. 1933 च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या रंगवायचा डाय निघाला होता. त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. पुढे 1938 साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा चाप बसला, त्यामागे हे एक कारण होतं. त्यातलं रसायन आजही केसांच्या डायमध्ये असतं.

एक गंमत सांगते. आमच्या घरात सगळ्यात लांब पापण्या कुणाच्या, तर सासूबाईंच्या! त्यांना काचबिंदू आहे, रोज रात्री बायमॅटोप्रोस्टचा थेंब डोळ्यात घालतात. या औषधाने पापण्या वाढतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि 2008 साली अमेरिकेत ते पापण्यांसाठी म्हणूनही मंजूर झालं. ते ऐकून माझी भाची बाटलीकडे बघायला लागली, तेव्हा मी ती उचलून कपाटात ठेवली. त्याने डोळे लाल होतात, पापणीची कातडी काळवंडते, बुबुळाचा रंगही बदलू शकतो आणि तो बदल राहून जातो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय दुसऱ्याचं औषध डोळ्यात घालू नये.

आणि डॉक्टरांकडे कधी जावं? पापण्यांबरोबर भुवयाही विरळ होत असतील, थकवा असेल, वजन उगाच वाढत असेल, तर थायरॉइड तपासावं. गोल चकती पडल्यासारखे केस गेले तर चाई असू शकते. भुवया-पापण्या गळताहेत आणि अंगावर कुठे बधिर चट्टा आहे, तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. वणीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको.

आता त्या मुलीचं. मार्चमध्ये परीक्षा दिली, पास झाली. गणितात काठावर, पण झाली. बाबांनी अकरावीत नाव घातलं. परवा पावसात छत्री घेऊन पेढे द्यायला आली होती. पापण्यांच्या मोकळ्या जागी बारीक, काळे, सरळ केस उभे राहिलेत. "अजून जातो का गं हात?" मी विचारलं. "कधी कधी जातो बाई," ती म्हणाली आणि मूठ आवळून दाखवली.

तिची आई म्हणाली, "ते तेल उरलंय बाई, काय करू त्याचं?"

मी म्हटलं, "ठेवा ताई. तुमच्या टाचा किती भेगाळल्यात पाहा, त्यांना लावा."

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं?