पाणबुड्यांसाठीचा सिग्नल देहूरोडच्या गच्चीवर पकडून काय कळतं?

तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्रातून नौदल १८.२ किलोहर्ट्झवर पाणबुड्यांना संदेश पाठवतं. इतक्या कमी वारंवारितेच्या लहरी समुद्राच्या पाण्यातही काही मीटर शिरतात. सुमारे १,२०० किलोमीटरवरच्या देहूरोडला त्या पकडायला तांब्याच्या तारेचं वेटोळं, छोटा अँप्लिफायर आणि कम्प्युटरचं साउंड कार्ड पुरतं.

संदेश सांकेतिक, तो उलगडत नाही. हौशी रेडिओवाले मोजतात ती सिग्नलची तीव्रता. दिवसा सौरज्वाला उसळली की वातावरणातलं आयनांबर बदलतं आणि आलेख अचानक उडी मारतो.

तेलंगणातल्या दामगुंडममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच दुसऱ्या केंद्राची पायाभरणी झाली. ते सुरू झालं की तुलनेला दुसरा सिग्नल मिळेल. पण कारखान्यांच्या मोटारी, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या विद्युत गोंगाटात तो ऐकू येणं, हीच या पट्ट्यातली खरी कसोटी.