नऊ चालींतला पराभव

जानेवारी २०१४ मध्ये बिल गेट्स यांनी दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात मॅग्नस कार्लसनशी बुद्धिबळाचा डाव मांडला. दोनच महिन्यांपूर्वी कार्लसनने चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून जगज्जेतेपद मिळविले होते. गेट्स यांच्याकडे पांढरी मोहरी आणि दोन मिनिटे. कार्लसनकडे काळी मोहरी आणि अवघी तीस सेकंद. डाव नवव्या चालीस संपला. आठव्या चालीस गेट्स यांच्या प्याद्याने समोर आलेला उंट मारला आणि राजाशेजारची पट्टी उघडी पडली. नवव्या चालीस, राजाजवळच्या घराची राखण करणारा त्यांचा घोडा पटाच्या मध्यावरील काळा घोडा मारण्यासाठी उठला. रिकाम्या झालेल्या त्या पहाऱ्यावर काळा वजीर उतरला आणि मात झाली. दोन्ही वेळा मारलेले मोहरे मोठे होते. आमिष म्हणतात ते हेच.

गेट्स यांच्या बुद्धीविषयी कोणी शंका घेणार नाही. मग कमी काय पडले? याचे समाधानकारक उत्तर विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर निष्णात खेळाडू ती बहुतांशी जशीच्या तशी पुन्हा मांडीत असे. नवशिक्याला मोजकीच मोहरी आठवत. परंतु तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली की, निष्णाताचे हे वर्चस्व जवळजवळ नाहीसे होई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. हजारो मांडण्या डोळ्यांखालून गेल्यामुळे त्याला त्या नुसत्या ओळखता येत होत्या. सायमन यांना पुढे १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते अर्थशास्त्राचे, हा योगायोग नव्हे. माणूस निर्णय कसा घेतो, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय होता.

हे ओळखणे पाहण्यासाठी पटच लागतो असे नाही. हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभे राहावे. व्यापारी क्रेटवर एक नजर टाकतो, दोन फळे दाबून पाहतो आणि भाव बोलतो. त्याच्यापुढून दिवसाला शेकडो क्रेट जातात. शेतकऱ्याचा नव्याने बाजारात आलेला मुलगा मात्र हंगामात मोजक्याच वेळा तेथे उभा असतो. पिकाविषयी तो व्यापाऱ्यापेक्षा अधिक जाणतो, तरीही सौदा मिनिटात संपतो. घरी परतल्यावर त्याला सांगितले जाते की, तुला व्यवहार कळत नाही. वस्तुतः त्याने पुरेसे सौदे पाहिलेले नसतात, एवढेच.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा गैरसमज अधिक महाग पडतो. आहुप्याच्या घाटमाथ्यावरचा अथवा डिंभे धरणाच्या पाणलोटातला मुलगा पुण्यास मुलाखतीला जातो, पहिल्या दोन प्रश्नांतच अडखळतो आणि परत येतो. शिक्षक हळहळतात, पालक नशिबाला बोल लावतात, आणि ग्रामीण मुलगा कमीच पडायचा, हा निर्वाळा गावातच पक्का होतो. पुण्यातील त्याच्या स्पर्धकाने तशा दहा मुलाखती सरावासाठी दिलेल्या असतात, हे कोणी मोजत नाही. अनुभव हेही भांडवल आहे. त्याची वाटणी जमिनीइतकीच विषम आहे, आणि तिच्यासाठी कोणताही कमालधारणेचा कायदा नाही!

हे भांडवल घरात साठले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद १९७४ मध्ये वासंती खाडिलकर यांनी, १९७५ मध्ये जयश्री यांनी आणि १९७६ मध्ये रोहिणी यांनी मिळविले. मुंबईतल्या या तिघी सख्ख्या बहिणी. तिघींच्या अंगच्या गुणांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि राष्ट्रीय दर्जाचा प्रतिस्पर्धी शोधण्यासाठी त्यांच्यापैकी कोणालाही उंबरठा ओलांडावा लागत नव्हता, हेही तितकेच खरे. घोडेगावच्या मुलीला तसा प्रतिस्पर्धी कोठे भेटणार?

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे एक दिवसाचे शिबिर अथवा प्रात्यक्षिक सामने. नामवंत खेळाडू येतो, एकाच वेळी वीस मुलांशी खेळतो, वीसही मुले हरतात, हार-श्रीफळ होते, छायाचित्र निघते. मुलांच्या पदरी पडतो तो पराभव आणि एक सही. दुसरा उपाय मार्गदर्शक पुस्तकांचा. त्याविषयी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे खुद्द आनंदने आधीच्या एका छापील डावातील चालीवर विसंबून पाचवी खेळी केली. कोलंबियाच्या आलोन्सो झपाटाने वजीर एक घर पुढे सरकविला आणि आनंदने सहाव्याच चालीस डाव सोडला. गेट्स यांच्यापेक्षाही तीन चाली आधी. फरक पडला तो नंतर: आनंदच्या वाट्याला पुढचा डाव होता, त्याच्यापुढचाही होता, आणि २००० मध्ये तो जगज्जेता झाला.

तालुक्याच्या मुलांना नेमका हा पुढचा डाव मिळत नाही. म्हणून जिल्हा परिषदेने आणि शिक्षणसंस्थांनी बक्षीस समारंभांवरचा खर्च थोडा आवरून मंचर, घोडेगाव, ओतूर आणि जुन्नर येथे आठवड्यातून एक सायंकाळ नियमित चालणारे सराव केंद्र उभे करावे. तेथे बुद्धिबळ असावे, सरावाच्या मुलाखती असाव्यात, आणि बाजारातील सौद्याचा हिशेब तपासणेही असण्यास हरकत नाही. केंद्राच्या उद्घाटनास पाहुणे मिळतीलच. मानधन द्यायचे ते मात्र, डाव संपल्यावर हरलेल्या मुलाशेजारी बसून तोच डाव पहिल्या चालीपासून पुन्हा मांडणाऱ्या माणसाला द्यावे.